भरतीला बदकं कुठं बसतात? ठाणे-नवी मुंबईच्या पाणथळींचा आराखडा करणाऱ्यांसाठी

खाडीकाठची पाणथळ वाचवायची म्हणून जे अर्ज आणि आराखडे माझ्याकडे नजर टाकायला येतात, ते बहुतेक एकेका तळ्याच्या नावाने सुरू होतात. डीपीएस तळं, एनआरआय, टीएस चाणक्य, पाणजे. प्रत्येकाची फाइल वेगळी, आणि मुखपृष्ठावर हमखास फ्लेमिंगो. माझं म्हणणं एवढंच आहे की हिवाळी बदकांसाठी काही करायचं असेल तर तळ्यापासून सुरू करू नका. भरतीच्या वेळेपासून सुरू करा. उधाणाच्या दिवशी दुपारी बारा-साडेबाराला खाडीचा सगळा चिखल पाण्याखाली असतो. तेव्हा बदकं कुठं बसतात, आणि दिवस मावळल्यावर तिथून कुठं जातात? या दोन प्रश्नांची उत्तरं नकाशावर आली की आराखडा निम्मा झाला.

मी पक्षितज्ज्ञ नाही. माझी सगळी नोकरी महापालिकेच्या मलनिःसारण खात्यात गेली. पंप, झडपा, गाळ आणि पावसाळ्यात रात्री दोनला येणारे फोन. बदकांकडे मी वळले तीही पाण्याच्या पातळीमुळेच, त्यामुळे खाली पाण्याबद्दल जास्त आणि पिसांच्या रंगाबद्दल कमी आहे.

हद्द कशी आखायची

ठाणे खाडी सुमारे 26 किलोमीटर लांब आहे. तिच्यातला ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला 1,690 हेक्टरचा भाग ऑगस्ट 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात 896 हेक्टर तिवरं आणि 794 हेक्टर पाणी. 2022 च्या ऑगस्टमध्ये अभयारण्य आणि त्याभोवतीचं संवेदनशील क्षेत्र मिळून 6,521 हेक्टर रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेलं. ऐकून वाटतं, संरक्षणाचं काम झालं. पण पाणी चढलं की चिखलावर चरणाऱ्या पक्ष्यांना त्या 6,521 हेक्टरांत पाय टेकायला फार थोडी जागा उरते. मग ते भांडुपच्या उदंचन (पंपिंग) केंद्राजवळच्या तळ्यांवर, नेरुळ-करावेच्या बाजूला एनआरआय आणि टीएस चाणक्यच्या मागे, डीपीएस तळ्यावर, आणि खाली उरणला पाणजे, भेंडखळ, बेलपाड्याकडे सरकतात. भांडुप सोडलं तर यातली बहुतेक ठिकाणं अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने) खाडीचा जो दीर्घकाळ अभ्यास केला, त्यातही या बाजूच्या पाणथळी खाडीबरोबरच राखायला हव्यात असं सांगितलं आहे.

तुमचा नकाशा या सगळ्यांना एका कागदावर घेणारा हवा. करावे ठाणे जिल्ह्यात, पाणजे रायगडात, भांडुप मुंबई उपनगरात. तीन जिल्हाधिकारी, दोन महापालिका, सिडको, बंदर, वन खात्याचा कांदळवन कक्ष, खारभूमी विभाग. प्रत्येकाला आपापल्या हद्दीतलं तळं दिसतं. एक बुजलं तर "बाकीची आहेत ना" हे उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. म्हणून नकाशावर तळ्यांच्या आकारापेक्षा त्यांच्यामधल्या रेषा ठळक काढा: कुठून कुठं, कोणत्या भरतीला, कोणत्या महिन्यात.

या रेषा मिळवायला उपग्रह लागत नाही. थंडीत सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी प्रत्येक ठिकाणी दोन माणसं उभी करा आणि अंधार पडेपर्यंत थवे कोणत्या दिशेला उठतात ते फक्त होकायंत्रावर लिहून घ्या. बदकांच्या कितीतरी जाती दिवसा मोकळ्या पाण्यावर विसावतात आणि रात्री चरतात. दिवसाच्या मोजणीत ज्या तळ्यावर पाचशे बदकं दिसली, ते त्यांचं जेवणाचं ताट नसून निव्वळ झोपायची जागा असू शकते. चरायची जागा दोन-चार किलोमीटरवरचं एखादं भातखाचर किंवा सोडून दिलेलं मिठागर असेल, आणि ते कोणाच्याच आराखड्यात नसेल. आधी बुजतं ते हेच.

शहरातल्या बांधीव तलावांवर वेळ घालवू नका. मासुंदा, उपवन सुंदर आहेत, पण सरळ भिंतीचा काठ, खोल पाणी आणि पायाने चालवायच्या होड्या असलेल्या ठिकाणी थापट्या बदक उतरणार नाही.

कोणत्या बदकांसाठी

"स्थलांतरित बदकांसाठी" असं लिहून चालत नाही. पाच-सहा जाती निवडा, आणि अशा निवडा की त्यांच्या गरजा एकमेकींपासून वेगळ्या असतील.

भुवई बदक, म्हणजे पक्षीवाल्यांची गार्गनी, सगळ्यांत आधी येतं. पाऊस पुरता ओसरायच्या आत, सप्टेंबरच्या आसपास, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा मार्च-एप्रिलमध्ये दिसतं. थापट्या आणि तलवार बदक थंडीबरोबर येतात आणि थंडीबरोबर जातात. थापट्याची चोच फावड्यासारखी असते. तिच्या कडेला बारीक दातेरी चाळणी असते, तिने तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. तलवार बदकाची मान लांब असल्याने ते बुडी न मारता इतरांपेक्षा खोल पोचतं. चक्रांग लहान, त्याला अगदी उथळ पाणी लागतं. चक्रवाक मोकळा काठ आणि लांबवर नजर जाईल असा परिसर पसंत करतो. याशिवाय हळदी-कुंकू आणि अडई ही इथलीच बदकं धरा. हळदी-कुंकवाची जोडी ज्या तळ्यावर वर्षभर टिकते तिथं गोडं पाणी आणि काठाला गवत आहे असं समजायला हरकत नाही.

ही बदकं ज्या वाटेने येतात-जातात तो मध्य आशियाई उड्डाणमार्ग तीस देशांतून जातो आणि आपण त्याच्या दक्षिण टोकाकडे आहोत. सायबेरिया-कझाकस्तानात अंडी घातली गेली की नाही हे आपल्या हातात नाही. पक्षी इथून मार्चमध्ये निघताना अंगावर चरबी घेऊन निघतो की नाही, एवढं मात्र आहे. आराखड्याचं उद्दिष्ट त्याच शब्दांत लिहा. "बदकांची संख्या दुप्पट करू" असलं काही लिहू नका, कारण ते तुम्ही करू शकत नाही.

फ्लेमिंगोसाठी जे केलं ते बदकांनाही चालेल, हा समज काढून टाका. फ्लेमिंगो खारट, शेवाळी पाण्यावर खूश असतो आणि मे महिन्यापर्यंत राहतो. बदकाला मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असल्या तरी फार खारट तळ्यावर राहायचं तर जवळपास गोड्या पाण्याची धार लागते. पायही लांब नाहीत. फ्लेमिंगो ज्या खोलीत उभा राहून चरतो तिथं चक्रांगाची चोच तळाला लागत नाही.

मोजणी

आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. तिच्यात सामील व्हा, कारण तीच आकडेवारी पुढे देशभरात वापरली जाते. पण आराखड्याला जानेवारीची एक मोजणी पुरत नाही. सप्टेंबर ते एप्रिल, दर महिन्याला, सगळ्या ठिकाणी एकाच दिवशी, एकाच तासात मोजा. वेगवेगळ्या रविवारी मोजलं तर तोच थवा तीनदा मोजला जातो आणि अहवालात भरभराट दिसते.

दिवस उधाणाचा घ्या. कोळी-आगरी घरांतला जुना हिशेब अजून कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरतं. पण ती भांगाची भरती, जोर नसलेली. चिखल पुरता बुडत नाही आणि पक्षी खाडीतच पांगलेले राहतात. पौर्णिमा-अमावास्येला किंवा नंतरच्या एक-दोन दिवसांत भरती दुपारी येते आणि सगळं पाखरू काठच्या तळ्यांवर गोळा होतं. ऊन असतं, टोपी घ्या. मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्याशी वेळ ताडून पाहा, मिनिटांचा फरक पडतो.

नोंदवहीत जात आणि संख्या यांच्याबरोबर तीन रकाने जास्त ठेवा: पाण्याची पातळी, खारेपणा, आणि मोजताना बदकं उडाली तर कशामुळे. पाच वर्षांनी सगळ्यांत उपयोगी हेच रकाने पडतात.

रामसरची एक कसोटी लक्षात ठेवा. एखाद्या जातीच्या किंवा उपजातीच्या एकूण समूहातले एक टक्का पक्षी जिथं नियमित येतात, ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची. ही कसोटी एकेका तळ्याला लावली तर बहुतेक तळी नापास होतील. एकाच तासात मोजलेली साखळी एकत्र लावा आणि मग बघा.

पाणी, म्हणजे खरं काम

पाण्यावर तरंगत चरणाऱ्या बदकांचं जेवण साधारण 5 ते 25 सेंटीमीटर पाण्यात असतं. तलवार बदक याहून थोडं खोल जाईल. दीड मीटर पाणी भरलेलं मोठं तळं फोटोत छान दिसतं आणि चक्रांगाच्या दृष्टीने त्याचा फक्त काठ कामाचा असतो. म्हणून तळ्याचं क्षेत्रफळ लिहू नका. कोणत्या पातळीला किती हेक्टर पाणी 5 ते 25 सेंटीमीटरमध्ये येतं, ते लिहा.

हे काढणं सोपं आहे. मे महिन्यात, पाणी सगळ्यांत कमी असताना, तळ्यात एक पक्की पट्टी रोवा. सेंटीमीटरच्या खुणा ऑइलपेंटने, काठावरून दुर्बिणीतून वाचता येतील इतक्या मोठ्या. पावसाळ्यानंतर पाणी भरलं की मच्छीमाराच्या होडीतून, खुणा केलेला बांबू घेऊन, दर पंचवीस मीटरवर खोली मोजा. त्याच वेळी पट्टीवरचा आकडा टिपा. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश मिळतातच. घरी येऊन आलेखाच्या कागदावर मांडलं की तक्ता तयार होतो. समजा दहा हेक्टरचं तळं आहे. पट्टीवर 90 असताना उथळ पाणी जेमतेम एक हेक्टर निघालं, 50 ला चार, 30 ला सहा. आता तुम्हाला ठाऊक आहे की नोव्हेंबरात 50 आणि जानेवारीत 30 हवेत. "तळ्याचं संवर्धन करा" या मागणीपुढे अधिकारी गप्प बसतो. "15 नोव्हेंबरला पातळी 50 वर आणा" या मागणीला त्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

पाणी एकदम उतरवू नका. आठवड्याला दोन-तीन सेंटीमीटर उतरलं की दर आठवड्याला चिखलाची नवी कड उघडी पडते, आणि बदकं त्या कडेने तळ्याच्या मध्याकडे सरकत जातात. एकाच दिवशी सगळं सोडलं तर चार दिवस बगळ्यांची जत्रा आणि मग सुकलेला चिखल.

पाणी येतं-जातं कुठून, हे तोंडाने विचारून भागत नाही, चालून बघावं लागतं. प्रत्येक नळा, मोरी, झडप, उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) शोधा, क्रमांक द्या, फोटो काढा. नवी मुंबई बसली आहे ती सखल जमिनीवर. पावसाचं पाणी भरतीच्या वेळी खाडीत जाऊ शकत नाही, म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले आणि त्यांना झडपा बसवल्या, ज्या भरतीला मिटतात आणि ओहोटीला उघडतात. खारभूमीच्या बांधातली उघाडी हेच काम करते. झडप नीट चालली तर आत गोडं पाणी राहतं. मोडून उघडी राहिली तर खारं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करतं, गाळ आणतं, आणि गाळावर तिवरं रुजतात. कचऱ्याने गच्च बसली तर पाणी साचून कुजतं. बाहेरून तिन्ही तळी सारखीच दिसतात. एकाला गाळ काढायला हवा, दुसऱ्याला नवी झडप, तिसऱ्याला फक्त जाळीतला कचरा उपसणारा माणूस.

साचून कुजण्याचा धोका मी मुद्दाम वेगळा सांगते. नोव्हेंबर 2019 मध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले, आणि त्यांत थापट्ये फार होते. कारण निघालं बॉट्युलिझम. प्राणवायू संपलेल्या, उबदार, कुजक्या चिखलात वाढणाऱ्या जिवाणूचं विष. ते विष अळ्यांतून पक्ष्यात जातं, पक्षी लुळा पडतो, मेलेल्या पक्ष्यावर पुन्हा अळ्या वाढतात. तळ्याचं भरतीचं तोंड रस्त्याच्या किंवा जेट्टीच्या कामात बुजलं आणि पाणी हिरवंगार होऊन वास मारायला लागलं, तर तो सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. मान टाकलेला एकही पक्षी दिसला तर वन खात्याला आणि पशुवैद्यकाला त्याच दिवशी कळवा, आणि मेलेले पक्षी तिथंच पडू देऊ नका. उघड्या हाताने मात्र उचलू नका.

तिवरांचा विषय नाजूक आहे. बदकांना मोकळं पाणी हवं आणि तिवरं चिखलावर पसरतात, हे खरं. पण सप्टेंबर 2018 च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्यातली तिवरं, जमीन कोणाचीही असो, संरक्षित आहेत, आणि भोवतालच्या 50 मीटरांतही बांधकाम करता येत नाही. रोपं उपटायला स्वयंसेवक नेऊ नका, हेतू कितीही चांगला असला तरी. तिवरं रुजतात ती गाळामुळे, आणि गाळ बसतो प्रवाह मंदावल्यामुळे. तेव्हा आराखड्यात प्रवाह मागा. धारण तलावातला गाळ काढायचा असेल तर परवानगी न्यायालयापर्यंत जाते, हे वेळापत्रकात धरा.

जानेवारीनंतर गोडं पाणी आटतं. इथं माझ्या खात्याचा एक उपाय सुचवते, जो पक्षीवाल्यांना ऐकायला जड जातो: शुद्धीकरण केंद्राचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी. ते वर्षभर, रोज, ठरलेल्या प्रमाणात मिळतं. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप, लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आत असेल तर पाणी स्वच्छ दिसतं आणि तरी त्यात अळ्यांना पोसण्याइतकं पोषण उरतं. जगभर बदकं सांडपाण्याच्या तळ्यांवर जमतात ती उगाच नाही. मात्र केंद्राच्या रोजच्या चाचण्यांचे आकडे मागून घ्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्या, आणि केंद्र बंद पडलं तर पाणी कुठं वळवायचं ते आधी ठरवा. कच्चं सांडपाणी एकदा आत आलं की सांभरची गोष्ट इथं घडायला वेळ लागणार नाही.

जेवणाचा हिशेब

1986 मध्ये अमेरिका आणि कॅनडाने पाणपक्ष्यांसाठी एक संयुक्त आराखडा केला. 1994 मध्ये मेक्सिको त्यात आला. त्याखाली राज्यांच्या हद्दी ओलांडून प्रदेशवार भागीदाऱ्या उभ्या राहिल्या, आणि हिवाळी प्रदेशांत त्यांनी एक साधं गणित वापरलं: किती बदकं, किती दिवस, रोज किती ऊर्जा, आणि ती द्यायला किती हेक्टर. त्याचं एकक "बदक-दिवस", म्हणजे एका बदकाचा एका दिवसाचा शिधा.

मिसिसिपीच्या खोऱ्यातलं उदाहरण घेऊ. मॅलार्ड जातीच्या बदकाला दिवसाला सुमारे 294 किलोकॅलरी लागतात असं धरलं जातं. कापणीनंतर भातशेतात हेक्टरी 271 किलो दाणा सांडलेला सापडला, पण बदकं पोचेपर्यंत किडे-उंदीर, कुजणं, उगवणं यांत जाऊन 78 किलोच उरला. हेक्टरी 50 किलोच्या खाली दाणा गेला की शोधण्याचे कष्ट परवडत नाहीत आणि बदक ते शेत सोडतं. राहिले 28 किलो. भाताच्या ग्रॅममागे 3.34 किलोकॅलरी धरल्या तर सुमारे 93,500, भागिले 294, म्हणजे हेक्टरी 318 बदक-दिवस. तीन बदकांचा साडेतीन महिन्यांचा शिधा, बस. शेत हिरवं-पिवळं आणि मोठं दिसतं, पण बदकाच्या पोटाच्या मापाने ते इतकं लहान असतं.

आपली बदकं मॅलार्डपेक्षा लहान आहेत. वजनाच्या पाऊण घाताने ऊर्जा बदलते असं धरलं तर भुवई बदकाला ढोबळमानाने 130 आणि थापट्याला 190 च्या आसपास किलोकॅलरी पडतात. पण अन्नाचा आकडा मिसिसिपीचा उचलू नका. इथलं अन्न वेगळं, चिखलातल्या अळ्या, गोगलगायी, पाणगवताचं बी. तो आकडा इथंच काढायला हवा. 10 सेंटीमीटर व्यासाचा पीव्हीसी पाईप चिखलात 5 सेंटीमीटर खुपसा, नमुना काढा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवा, जे उरेल त्यातले दाणे आणि जीव वेचून वाळवा आणि वजन करा. नमुन्यात 0.1 ग्रॅम निघाला तर हेक्टरी सुमारे 127 किलो होतो. ऑक्टोबरमध्ये एकदा आणि जानेवारीच्या शेवटी एकदा, प्रत्येक तळ्यातून वीसेक नमुने. महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला हा प्रकल्प आवडतो, शिवाय त्यांच्याकडे वाळवण्याची भट्टी आणि नाजूक तराजू असतो.

जानेवारीत कोणतं तळं रिकामं होतं हे कळलं की पातळी कुठं कधी उतरवायची ते ठरतं. सगळी तळी एकदम उथळ केली तर डिसेंबरातच सगळं फस्त होतं. दोन तळी नोव्हेंबरात उघडा, दोन खोल ठेवून जानेवारीनंतर उतरवा.

शेतकरी आणि मच्छीमार

यांच्याशी बोलणी आराखडा छापण्याआधी. माझे मामेसासरे उरणकडचे, त्यांची खारजमीन आहे. मी उत्साहाने भातखाचरात पाणी राखण्याबद्दल सांगत होते, तर म्हणाले, "सूनबाई, बांध हाय तवर बदक हाय. एकदा खांड पडली ना, की खारं पाणी आत. मंग भात पण नाय आन तुझं बदक पण नाय." खांड, म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड, वेळेवर बुजवली नाही तर शेत दोन-तीन वर्षं पिकत नाही आणि मालक वैतागून भरावासाठी जमीन द्यायला तयार होतो. त्यामुळे बाहेरकाठ्याची, म्हणजे खाडीकडच्या बांधाची, डागडुजी ही तुमच्या आराखड्यातली बदकांच्या नावाची कलम असायला हवी. कापणीनंतर पेंढा जाळू नये आणि खाचरात साचलेलं पावसाचं गोडं पाणी महिनाभर सोडू नये, एवढीच मागणी करा, आणि त्याचा मोबदला ठरवा. भातानंतर जो वाल लावणार असेल, त्याला खाचरात पाणी नकोच असतं; त्याच्या शेताकडे जाऊच नका.

मच्छीमारांची कोलंबी, बोय, चिंबोरी याच तळ्यांतून निघते. पातळी उतरवण्याची तारीख त्यांच्या सोयीने ठरली तर उतरत्या पाण्यात त्यांनाही मासळी मिळते. ठरली नाही तर झडपेत फळी अडकवलेली सापडेल.

त्रास देणारे

भटकी कुत्री, ड्रोन, आणि जवळचा फोटो हवा म्हणून चिखलात उतरणारे. या क्रमाने नाही, शेवटचे पहिले. झोपलेला थवा दिवसातून पाच वेळा उडवला तर रात्रभर चरून मिळवलेलं त्यात जातं. काठाच्या एका बाजूला बांबूचा आडोसा करून माणसांना तिथं जागा द्या आणि उरलेला काठ नोव्हेंबर ते मार्च बंद ठेवा. पाव टाकणाऱ्यांना थांबवा. तळ्याकडे तोंड केलेले दिवे वळवून घ्या.

कागदपत्रं

पाणथळ नियम 2017 हाताशी ठेवा, पण ते कुठं लागू होत नाहीत ते आधी वाचा. मिठागरं, मत्स्यशेतीची आणि सिंचनाची बांधलेली तळी, भातशेती यांना त्या व्याख्येतून वगळलं आहे. किनारा नियमन क्षेत्रात (सीआरझेड) किंवा वन कायद्याखाली येणाऱ्या जागाही त्या नियमांबाहेर. म्हणजे खाडीकाठच्या बऱ्याच तळ्यांसाठी तुमचा आधार सीआरझेडची अधिसूचना, तिवरांचा निकाल आणि 1972 चा वन्यजीव कायदा हा आहे. चुकीच्या कायद्याखाली केलेला अर्ज दोन वर्षांनी परत येतो, आणि दोन वर्षांत भराव पुरा होतो.

प्रत्येक तळ्यासाठी एक पान करा: सातबारा किंवा मालकी, सीआरझेड नकाशावरचा वर्ग, इस्रोच्या पाणथळ नकाशासंग्रहात ते आहे का, पाण्याची तोंडं किती आणि कोणाच्या ताब्यात, महिन्यागणिक पातळी, आणि एका खात्याकडे एकच मागणी. कांदळवन कक्षाकडे राखणदार, सिडको किंवा महापालिकेकडे झडप, खारभूमीकडे बांध. भराव दिसला तर त्याच दिवशीचे तारीख-वेळेचे फोटो काढून तहसीलदार, कांदळवन कक्ष आणि विभागीय आयुक्तांच्या अखत्यारीतल्या पाणथळ तक्रार समितीला एकाच वेळी पाठवा. पुढे माहितीच्या अधिकारात कारवाईचा अहवाल मागा.

पैशांची मागणी करताना क्रम असा ठेवा: आधी पाण्याची तोंडं मोकळी करणं, मग झडपा, मग पट्ट्या आणि मोजणी, मग राखणदार. मनोरा, सेल्फी पॉइंट आणि पेव्हर ब्लॉकचा रस्ता यांचं अंदाजपत्रक कोणीतरी तुमच्या आराखड्याला जोडायला येईलच. काठ पक्का केला की उथळ पाणी संपतं, हे त्यांना पातळीचा तक्ता दाखवून सांगा.

आणि शेवटच्या पानावर, प्रत्येक झडपेसमोर, ती उघडण्याचा अधिकार कोणत्या पदाकडे आहे, चावी कोणत्या चौकीत असते आणि दिवाळीच्या सुट्टीत कोण हजर असतं, ते लिहून घ्या. पहिली पातळी नेमकी त्याच आठवड्यात उतरवायची असते.